कुलपाआडच्या तीस खाटा

"बायपोलर डिसऑर्डर आहे. आत्ता मेनियाचा जोर आहे. भरती करायलाच पाहिजे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि श्वासही न घेता पुढे म्हणाल्या, "पण बेड नाही."

माझ्या मोठ्या बहिणीचा, आक्काचा आजार आम्हाला असा कळला. एका वाक्यात निदान, दुसऱ्या वाक्यात नकार. रडायचं कोणत्या वाक्याला, हेच मला कळेना. आक्का मात्र खुशीत होती. तिनं मॅडमच्या टेबलावरचं कोरं पॅड उचललं होतं आणि देशातल्या सगळ्या दवाखान्यांसाठी ती नियम लिहीत होती.

हे मी त्यांच्यासाठी लिहीत आहे, ज्यांच्या घरात उद्या असं होईल. मी डॉक्टर नाही. आखाडा बाळापूरची आहे, वय चोवीस, एम.ए. झालंय, वडिलांचा छोटा छापखाना सांभाळते. आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आशा सेविका आहे. गरोदर बायकांची नोंद, लेकरांच्या लसी, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवणं, हे तिचं काम. किती बायकांना तिनं भांडून खाट मिळवून दिली, ते तिलाही सांगता यायचं नाही. तिचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, का ते पुढे येईल. दवाखान्यांचीही नावं लिहिली नाहीत. लिहिली असती तर तुम्ही म्हणाला असता, ते दवाखाने तसलेच आहेत, आपला बरा आहे. ती सोय मला तुम्हाला द्यायची नाही.

दुसऱ्यांच्या चुका सांगण्याआधी आमची सांगते.

आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मभर पत्रकं छापली. मजुरीच्या दराची, दारूबंदीची, जयंतीची, बुवाबाजीविरुद्धची. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या स्वस्त कागदावर. मी अक्षरं त्याच कागदांवर गिरवली. आमच्या घरात जो कमी झोपतो त्याला मान. जो भरभर बोलतो तो हुशार. जो कुणाला भीत नाही तो आपला. आणि मेनिया नेमके हेच कपडे घालून आमच्या दारात आला.

मेनिया म्हणजे मनाचा वेग इतका वाढणं की माणसाला झोपेची गरजच वाटत नाही. बोलणं थांबत नाही, विचार एकावर एक चढतात, आपण काहीही करू शकतो अशी खात्री वाटते. बायपोलर आजारात असे दिवस येतात आणि पुढे कधीतरी त्याच्या उलटे, खोल उदासीचेही येतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा हळदीची काढणी सुरू होती, आक्काची झोप दोन-तीन तासांवर आली होती, आणि ती वह्यांमागून वह्या भरत होती. आम्ही खूश होतो. मी तिचं लिखाण टाइप करून देत होते.

जयंतीच्या कार्यक्रमात ती दीड तास बोलली. हातात कागद नाही. लोकांनी टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. एक म्हातारे गृहस्थ आप्पांचा हात धरून म्हणाले, "लेकीनं तुमचं नाव काढलं, आप्पा." आप्पांचे डोळे भरून आले. मी त्या भाषणाचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. आज तो बघते तेव्हा तिच्या तोंडून निघालेली वाक्यं एकमेकांवर आदळताना दिसतात. एकही वाक्य शेवटाला जात नाही. दीड तासात ती पाण्याचा घोट घ्यायलाही थांबलेली नाही.

घरात एकट्या मायला शंका आली. "ही माझी पोरगी न्हाई. तिच्या डोळ्याला काय झालंय बघा की."

"तू गप बैस," आप्पा म्हणाले. "पोरगी जागी झालीय."

"जागी झालीय तर झोपंना काहून?"

आप्पा हसले. मीही हसले. माझ्या मायला लिहिता-वाचता येत नाही. त्या घरात आजार ओळखणारी ती एकटी होती, आणि आम्ही शिकलेले तिला हसलो.

पुढच्या पंधरा दिवसांत आक्कानं आपल्या साड्या वाटून टाकल्या, वरिष्ठांना सव्वीस पानी पत्र लिहिलं आणि जेवण सोडलं. मग बाजाराच्या दिवशी ती नांदेड रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि ट्रक अडवून ड्रायव्हरांना खाली उतरवू लागली. एका ट्रकचा ब्रेक लागला तो तिच्यापासून हातभर अंतरावर.

"मरना है क्या, दीदी?" ड्रायव्हर ओरडला.

"मला मरण न्हाई," आक्का शांतपणे म्हणाली. "तुमी भिऊ नका."

ते ऐकून आप्पांनी तिला दंडाला धरून रस्त्याच्या कडेला आणलं.

गर्दीतल्या लोकांनी सांगितलं, हिला बाहेरचं झालंय, अमक्या ठिकाणी न्या, गुरुवारी गुण येतो. आप्पांनी मान ताठ केली. "आमच्या घरातलं कुणी बुवाच्या दारात जाणार न्हाई."

"आन दवाखान्यात?" मी विचारलं.

आप्पांनी आक्काला घेऊन घराची वाट धरली. बुवाबाजीविरुद्ध आयुष्यभर पत्रकं छापणाऱ्या माणसाला आपल्या लेकीला मनाच्या डॉक्टरकडे न्यायची लाज वाटत होती. त्या लाजेविरुद्ध आमच्या छापखान्यातून एकही कागद कधी निघाला नव्हता. ती लाज संपेपर्यंत आणखी दोन दिवस गेले. तुम्ही तेवढेही घालवू नका.

पहिल्या दवाखान्यात मनाचा डॉक्टरच नव्हता. दुसऱ्यात होता, पण भरती करायची सोय नव्हती. दोन्हीकडे कागदावर एकच शब्द लिहून मिळाला, रेफर. रेफर म्हणजे पुढे पाठवणं. साडेतीन तास जीपमध्ये आक्काला धरून आम्ही विभागाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचलो. तिथे मनोविकार विभाग आहे. कितीतरी तालुक्यांचे लोक तिथे येतात. त्या विभागात बायकांसाठी खाटा सहा. सहाही भरलेल्या.

डॉक्टर मॅडमनी मार्ग काढला. "मेडिसिनच्या बायकांच्या वॉर्डात ठेवते. पेशंट आमचा, खाट त्यांची. बोर्डर म्हणतो आम्ही अशा पेशंटला."

तिथे तिला बांधलं.

बँडेजच्या पट्ट्यांनी दोन्ही मनगटं आणि एक पाय, लोखंडी खाटेला. याला रिस्ट्रेंट म्हणतात. मॅडमनी मला नियम सांगितले होते. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी भीती असेल तरच, थोड्या वेळापुरतं, डॉक्टरच्या लेखी सूचनेनं, आणि कुणीतरी सतत जवळ थांबून. लेखी सूचना होती. बाकी काही नव्हतं. थोडा वेळ दोन दिवस चालला. जवळ थांबायला मी होते, आणि माझ्याजवळ काय होतं? एक रुमाल आणि पाण्याची बाटली.

मी सिस्टरवर ओरडले. वॉर्डभर बायका जमिनीवरसुद्धा होत्या आणि त्या पाळीला सिस्टर एकटी. ती हातातलं इंजेक्शन भरता भरता म्हणाली, "पोरी, इथं सलाइन लावलेल्या बायका आहेत. हिनं उठून कुणाची सुई ओढली तर? मी एकटी कुणाकुणामागं पळू?" ती वाईट बाई नव्हती. दुपारचा डबा तिनं चार वाजता उघडला, उभ्यानं. मला तिच्याशी भांडायचं नव्हतं. पण ज्याच्याशी भांडायचं तो वॉर्डात कधी येतच नाही.

आक्का मनगटं ओढून ओढून म्हणायची, "सुजे, सोड गं. मला जायचंय. ती बाई बाळंतपणाला अडली, माझी वाट बघून राहिली." अशी कुणी बाई नव्हती. माझ्या बहिणीचं मन जाग्यावर नव्हतं, तरी ते कामावर होतं.

आजूबाजूच्या बायकांनी आपल्या खाटा सरकवल्या. जेवताना त्या आमच्याकडे पाठ करून बसायच्या. "पागल को इधर काहेको रखे?" एकीनं मला ऐकू जाईल असं विचारलं. फक्त शेजारच्या खाटेवरची तांड्यावरची म्हातारी उठून आली. सुनेला कावीळ झाली म्हणून ती सोबतीला होती. तिनं आक्काचे गुंतलेले केस सोडवले आणि तेल लावून घट्ट वेणी घातली.

आक्का बांधलेल्या अवस्थेत तिची चौकशी करू लागली. "आजी, लेकरं किती तुमाला?"

"आठ."

"आठ! पाळणा लांबवला न्हाई काहून?"

"तवा तू कुठं व्हतीस, बाई?" म्हातारी म्हणाली.

अख्खा वॉर्ड हसला. पाठ केलेल्या बायकाही वळल्या. त्या दोन दिवसांत आम्हाला मिळालेला तेवढाच उपचार.

तिसऱ्या दिवशी, इंजेक्शनांनी आक्का जरा निवल्यावर, वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशींनी मला जिन्याच्या खिडकीशी नेलं आणि समोरच्या नव्या इमारतीकडे बोट केलं. "ते दिसलं का? दुसरा मजला. तुमचा वॉर्ड."

"आमचा?"

"मनाच्या आजाराचा. तीस खाटा हायेत. गाद्यांचं प्लास्टिकसुदिक काढलं न्हाई."

"मग बंद काहून?"

"फीत कापली, पेढे वाटले, कुलूप लावलं. मला दोन पेढे भेटले, खोटं काहून बोलू?"

मी धावत त्या मजल्यावर गेले. लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप. काचेतून आत सगळं दिसत होतं. रुग्णाला लागू नये म्हणून गोल कडांच्या खाटा. पंख्यांना जाळ्या. परिचारिकेला बसल्या जागेवरून सगळे दिसावेत असा मधोमध काचेचा कक्ष. कुणीतरी विचार करून बांधलेला वॉर्ड होता तो. इथे आक्काला बांधावं लागलंच नसतं. दाराशेजारी भिंतीत काळा दगड, त्यावर सोनेरी अक्षरांत अकरा नावं. मी सगळी वाचली. त्यांत एकही नर्स नव्हती.

डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "इमारतीची मंजुरी एका टेबलावरून येते, माणसांची दुसऱ्या. पहिलं टेबल हललं, दुसरं नाही. नर्स नाहीत, वॉर्डबॉय नाहीत, सायकॉलॉजिस्टची जागा रिकामी."

"कधीपासून?"

"मी इथे यायच्या आधीपासून."

मानसिक आजारावरच्या कार्यक्रमांत आम्हाला नेहमी एकच गोष्ट सांगतात. लोकांमध्ये जागृती नाही, लोक अंधश्रद्धाळू आहेत, लोक दवाखान्यात येत नाहीत. आम्ही आलो होतो ना! साडेतीन तास तिचे हात धरून आलो होतो. आता जागृती कुणाची करायची?

पाचव्या दिवशी मनोविकार विभागात एक खाट रिकामी झाली आणि आक्काला तिथे हलवलं. मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्या, मग लिथियम सुरू झालं. लिथियम हे मनाच्या चढ-उताराला आवर घालणारं जुनं औषध आहे. ते रक्तात कमी असलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष. म्हणून लिथियम लेव्हल करतात. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेऊन औषधाचं प्रमाण बघतात. पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम तोडायचं नाही, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरला सांगायचं. हे लिहून भिंतीवर लावा.

पहिली लेव्हल आली ती कमी. गोळ्या वाढवायला हव्या होत्या, पुन्हा रक्त तपासायला हवं होतं. आक्का आता झोपत होती, पण बोलता बोलता अजून घसरायची. नेमकं तेव्हाच मॅडम म्हणाल्या, "उद्या सुट्टी देते. गोळ्या घरी चालू ठेवा."

"ती बरी झाली?"

"नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बाहेर दोन बायका थांबल्यात. एक बाळंतीण आहे, तिला लेकराला मारावं असे विचार येतात. तुम्हीच सांगा, खाट कुणाला देऊ?"

आमच्या गावाजवळ ही रक्ततपासणी होत नाही. घरी नेणं म्हणजे पुन्हा तो रस्ता आणि ते ट्रक. पण मी काय उत्तर देणार होते? एका बाळाचा जीव आणि माझी बहीण यांतून निवड करा, असा प्रश्न मला विचारला जात होता, आणि समोरच्या नव्या इमारतीत तीस गाद्या प्लास्टिकमध्ये पडून होत्या. त्या सहा खाटांनी आम्हा बायकांना एकमेकींसमोर उभं केलं होतं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मला राग आला की एकच काम येतं. मी पत्रक लिहिलं. गावी परतलेल्या आप्पांना फोनवरून पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाचशे गुलाबी कागदांचा गठ्ठा काखेत घेऊन बसमधून उतरले. वर मोठ्या अक्षरांत: "माझ्या बहिणीला खाटेला बांधलं!" खाली आक्काचं नाव, गाव, काम, सगळं. आम्ही बाप-लेक फाटकात उभे राहून वाटू लागलो. तासाभरात एक कागद मावशींच्या हातून आक्काकडे पोचला. तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"माझं नाव कुणाला विचारून टाकलं?"

"आक्का, तुझ्यासाठीच तर…"

"माझ्यासाठी? उद्या मी कोणाच्या दारात जाऊ लसीचं सांगायला? ह्या कागदात मी बांधलेली हाय. गावात जलमभर बांधलेलीच राहीन."

आप्पा समजावू लागले. "पोरी, बिगर नावाचं पत्रक लोकांना खोटं वाटतं."

"मग तुमचं नाव टाका की, आप्पा. 'लेक आजारी व्हती आन मी टाळ्या वाजवल्या.' छापा हे."

आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच ती इतकं न घसरता बोलली होती. आप्पा बाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं. लोकांनी वाचून फेकलेली पत्रकं ते फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत वाकून एकेक वेचत होते.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या हसल्या. "याला इनसाइट म्हणतात. आपण आजारी आहोत, ही जाण येणं. तुमचं भांडण मी फाइलमध्ये सुधारणा म्हणून लिहिलंय."

दुपारी आक्कानं मला जवळ बसवलं. "दवाखाना वरडण्याला भीत न्हाई, सुजे. कागदाला भितो. माझ्या बायांना परत पाठवलं की मी म्हणायची, केसपेपरवर 'खाट न्हाई' असं लिहा आन सही करा. निम्म्या वेळा तितंच खाट निघायची."

आणि तिनं डॉक्टर मॅडमना सांगितलं, "त्या बाळंतिणीला माझी खाट द्या. मी खाली गादी टाकून झोपते. पण सुट्टी घेणार न्हाई."

सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मला त्या कौतुकाचा संताप आला. आजारी बाईच्या मोठेपणावर सरकारी विभाग चालवायचा असेल तर मग तो दगड कशाला बसवला?

दुसऱ्या दिवसापासून मी बाह्यरुग्ण विभागात बसू लागले. ज्यांना खाट नाही म्हणून परत पाठवलं जाई, त्यांच्या नातेवाइकांना सांगायचे, लिहून मागा. पहिल्यांदा मॅडम म्हणाल्या, "मी तोंडी सांगितलंय ना?"

"लिहून द्या, मॅडम," कनेरगाव नाक्याहून बायकोला घेऊन आलेला एक ढाब्यावरचा आचारी म्हणाला. "तोंडी घरी नेता येत न्हाई."

मॅडमनी त्याचा केसपेपर पुढे ओढला. मग लिहिलं: भरती आवश्यक, खाट उपलब्ध नाही. खाली सही. त्यानंतरच्या माणसाला मागावं लागलं नाही. मला वाटतं, कुणीतरी मागावं याचीच त्या वाट बघत होत्या.

ज्यांची तयारी होती त्यांच्या कागदांच्या आम्ही झेरॉक्स काढल्या. आक्काची एकच अट होती, एकाही रुग्णाचं नाव दिसता कामा नये. आप्पा झेरॉक्सच्या दुकानात बाकावर बसून प्रत्येक नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवत होते. जन्मभर नावं ठळक छापणारा माणूस. आता नखानं पट्टीच्या कडा दाबून बघत होता, अक्षर कुठून दिसतंय का. सोबत दहा ओळींचा साधा अर्ज. या तारखांना यांना खाट नाकारली, त्याच तारखांना नव्या इमारतीतला वॉर्ड कुलूपबंद होता, तो उघडा. उद्गारचिन्ह एकही नाही. एक प्रत अधीक्षकांच्या कार्यालयात दिली आणि पोच म्हणून शिक्का घेतला. दुसरी, मनोरुग्णांच्या तक्रारी ऐकायला कायद्यानं जे मंडळ ठेवलंय, त्याला पाठवली. असं मंडळ असतं हे मलाही माहीत नव्हतं. तुम्ही आपल्या भागातलं शोधून ठेवा.

अधीक्षकांनी बोलावलं. "तुमच्या बहिणीला तर ठेवून घेतलंय ना? मग तुमची तक्रार काय?"

"ती जमिनीवर आहे, सर. आणि तिला जागा मिळाली ती दुसरीला परत पाठवून."

"मी माणसं कुठून आणू?"

"हेच वर लिहा, सर. लेखी."

ते चिडले. पण चार दिवसांनी कुलूप निघालं. तीस खाटांचं नाही. इतर वॉर्डांतून उसन्या घेतलेल्या नर्सच्या जोरावर आठ खाटांचं. बाकी बावीस पडद्यापलीकडे प्लास्टिकमध्येच राहिल्या. आक्का नव्या वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवर आणखी नऊ दिवस होती. गोळ्या वाढल्या, दुसरी लेव्हल बरोबर आली, मग तिसरीही. सुट्टी मिळाली ती बरी होऊन. तीच तेवढी आमची मागणी होती.

आता ती कामावर आहे. रुजू होताना तिला फिटनेस सर्टिफिकेट मागितलं, म्हणजे काम करायला योग्य असल्याचा डॉक्टरचा दाखला. टायफॉइड होऊन आलेल्यांना कुणी मागत नाही. लिथियमनं तिचे हात किंचित कापतात, रजिस्टरमध्ये अक्षर वेडंवाकडं येतं. पहिल्याच दिवशी एक बाई ओट्यावरून म्हणाली, "आली का गं पागलखान्यातून?"

"व्हय," आक्का म्हणाली. "तुझ्या लेकराचा दुसरा डोस राहिलाय. उद्या घेऊन ये."

हे लिहिलेलं मी आधी तिला वाचून दाखवलं. दोन ओळी तिनं काढायला लावल्या, त्या काढल्या. गाव आणि काम राहू दे म्हणाली, नाव नको.

असल्या लिखाणाच्या शेवटी आभार मानतात. मानते. वेणी घालणाऱ्या म्हातारीचे, उभ्यानं जेवणाऱ्या सिस्टरचे, मावशींचे, सही करणाऱ्या मॅडमचे. माझ्या मायचेही, जिला आधी विचारायला हवं होतं. दगडावरच्या अकरा जणांचे मानत नाही.

मॅडमनी काही लपवलं नाही. हा आजार औषधानं ताब्यात राहतो, तरी तो पुन्हा उसळू शकतो. कधी, ते कुणी सांगू शकत नाही. आम्ही आता झोपेवर लक्ष ठेवतो, गोळ्या चुकवत नाही, आक्का भरभर बोलू लागली की टाळ्या वाजवत नाही. एवढं करूनही तो दिवस येऊ शकतो. आला, तर आम्ही पुन्हा साडेतीन तास जाऊ आणि त्याच टेबलासमोर उभे राहू. त्या दिवशी मला कुणाचा चांगुलपणा नको, कुणाची युक्ती नको, कुणाचे आभार मानायची वेळ नको. मला खाट पाहिजे.